चॉकलेटी गोळीचं माहेर डब्लिन

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या 30 जानेवारीच्या अंकात कुष्ठरोग निवारण दिनाचा अर्धं पान लेख वाचला. फोटोत वाकडी बोटं न दाखवता बरा झालेला हसरा माणूस दाखवलात, त्याबद्दल आधी आभार. माझी चौतीस वर्षं याच कामात गेली. अवैद्यकीय सहाय्यक या लांबलचक हुद्द्यावर नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, हरसूल भागात फिरलो आणि 2020 साली निवृत्त झालो. त्यामुळे असा लेख आला की मी चष्मा पुसून वाचतो.

त्यातलं एक वाक्य मात्र घशाखाली उतरेना. 'कुष्ठरोगावरची तिन्ही औषधं स्वित्झर्लंडमध्ये शोधली गेली आणि जगाला मोफत मिळाली.' मोफत मिळाली हे खरंच आहे. 2000 सालापासून एक स्विस कंपनी सगळ्या जगाला ही औषधं फुकट देत आली, त्याआधी पाच वर्षं जपानच्या एका संस्थेने पैसे मोजले. पण देणारा वेगळा आणि जन्म देणारा वेगळा. डॅप्सोन हे रसायन 1908 साली जर्मनीत तयार झालं, तेव्हा ते औषध आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रिफाम्पिसीन इटलीतल्या मिलानचं. आणि तिसरं, क्लोफॅझिमिन, म्हणजे आम्ही खात्यातली माणसं जिला 'चॉकलेटी' म्हणायचो ती गोळी, आयर्लंडची. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातली. स्वित्झर्लंडच्या कंपनीने पुढे तिचा संसार मांडून दिला हे कबूल, पण माहेर डब्लिन.

म्हातारा एवढ्यावरून पत्र का लिहितो, असं आपल्याला वाटेल. कारण आहे. ते सांगण्याआधी ही गोळी म्हणजे काय, ते थोडं सांगू द्या.

मी नोकरीला लागलो तेव्हा जुने रुग्ण डीडीएसवर, म्हणजे नुसत्या डॅप्सोनवर असायचे. वर्षानुवर्षं. काहींना तर 'जन्मभर घ्या' असंच सांगितलेलं. एकच औषध एवढा काळ दिलं की जंतूही त्याला सरावतात. सत्तरच्या दशकापर्यंत डॅप्सोनला दाद न देणारे रुग्ण जगभर दिसू लागले होते. म्हणून 1981 च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी बसून तिन्ही औषधं एकत्र द्यायचं ठरवलं. तीच एमडीटी, बहुविध औषधोपचार. जास्त जंतू असलेल्या मोठ्या माणसाला, म्हणजे एमबी रुग्णाला, लाल पाकीट. महिन्याच्या पहिल्या दिवशीचा डोस आमच्यासमोर गिळायचा: दोन रिफाम्पिसीन, तीन चॉकलेटी, एक पांढरी डॅप्सोन. उरलेले 27 दिवस घरी, रोज एक छोटी चॉकलेटी आणि एक पांढरी. आधी हा कोर्स 24 महिन्यांचा होता, 1998 पासून 12 महिन्यांचा झाला.

सुरगाण्याकडे बोरगावच्या आठवडे बाजाराला मी हे वाटप करायचो. दवाखान्यात यायला लोक लाजायचे, बाजारात कुणी कुणाकडे बघत नाही. माझी एम-80 चिंचेखाली उभी, सीटवर रजिस्टर, हँडलला पाण्याची कॅन. नागली, सुकी मासळी आणि मिरच्यांच्या वासात माणूस येऊन उभा राहायचा. मी ग्लास पुढे करायचो, गोळ्या हातावर ठेवायचो आणि गिळल्यावर तोंड उघडायला लावायचो. नवीन माणूस असला तर कडेला नेऊन तपासणी. डोळे मिटायला सांगायचं, चट्ट्यावर बॉलपेनच्या टोकाने हलकेच टेकवायचं आणि 'कुठं लागलं ते बोटानं दाखव' म्हणायचं. चट्टा बधिर असला की माणूस डोळे मिटून तसाच उभा राहतो. वाट बघत. पेन टेकवून झालेलं असतं आणि त्याला पत्ताच नसतो. चौतीस वर्षं हे पाहिलं, तरी त्या दोन-चार सेकंदांत माझ्या पोटात कालवायचंच.

चॉकलेटी गोळीची एक खोड आहे. ती माणसाला रंगवते. मुळात ते औषध म्हणजे गडद तांबडी भुकटी. शरीरात गेलं की ते चरबीत आणि कातडीत जाऊन बसतं. घाम तांबूस, लघवी तांबूस, आणि दोन-चार महिन्यांत कातडी भाजलेल्या विटेसारखी. चट्टे तर आणखीच काळे. वर कोरडेपणा, पायाच्या नळीवर खवले. औषध बंद केल्यावर रंग जातो, पण सावकाश, कधी वर्ष-दीड वर्ष लागतं. कारण औषधच इतकं चिवट की अंगातलं निम्मं उतरायला सुमारे 70 दिवस घेतं. गोऱ्या सायबाला काय, काळं पडल्याने फार तर विचित्र वाटत असेल. आपल्याकडे मुलगी काळी पडली की घरात काय बोललं जातं, ते मी वेगळं सांगायला नको.

एक बाई होती, पेठ तालुक्यातली, लग्नाला दोन वर्षं झालेली. पहिल्या पाकिटाला तिने मला विचारलं, ''भाऊ, याचा काही त्रास?'' मी म्हणालो, ''काही नाही, बिनधास्त घे.'' रंगाचं मी मुद्दाम बोललो नाही. आधीच सांगितलं तर घेणारच नाही, अशी आमची समजूत. आम्हाला तसं कुणी शिकवलं नव्हतं, आम्हीच आपलं ठरवलेलं. पाचव्या महिन्यात ती आली नाही. सहाव्यात मी पाड्यावर गेलो, तर सासू म्हणाली माहेरी गेली. माहेरी गेलो, तर दाराआडून तिचा आवाज आला. ''भाऊ, तुम्ही म्हणाला होतात काही होत नाही. नवऱ्यानं कोळसा म्हणून हाक मारली मला.'' दार काही उघडलं नाही. दोन वर्षांनी ती स्वतःहून बाजारात आली, तेव्हा उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं होतं. औषध तिने पुन्हा सुरू केलं आणि पुरं केलं. बरी झाली. बोटं वळली ती वळलीच.

त्या बाईनंतर मी प्रत्येकाला आधी सांगायला लागलो. तू काळा पडशील. विटेसारखा दिसशील. औषध सुटलं की मूळ रंगावर येशील. खोबरेल लाव, उन्हात डोक्यावर कपडा घे. माझ्या यादीतल्या एका बऱ्या झालेल्या बाईंना मी त्यांच्या परवानगीने सोबत न्यायचो. त्या हात पुढे करून म्हणायच्या, ''हे बघ, मीबी कोळसा झाल्ते, आता बघ.'' माझ्या भाषणापेक्षा त्यांचा तो हात जास्त उपयोगी पडायचा.

आता डब्लिन. ट्रेनिंगमध्ये आमच्या एका प्रशिक्षकांनी फळ्यावर 'बी 663' असं लिहून 'हे या गोळीचं पाळण्यातलं नाव' एवढंच सांगितलं होतं. तो आकडा डोक्यात राहिला. पुढे धाकटी मुलगी नर्स होऊन डब्लिनला नोकरीला गेली आणि 2023 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे महिनाभर राहून आलो. उन्हाळा आपला म्हणायचा, तिथे पावसाची भुरभुर चालूच. एके दिवशी जेवताना मी तिला बी 663 ची गोष्ट सांगितली, आणि तिने फोनवर शोधून मला वाचून दाखवलं. पुढचं बहुतेक तेव्हा कळलं, नंतर मी जमेल तसं वाचत गेलो.

चाळीसच्या दशकात आयर्लंडमध्ये क्षयाने कहर केला होता. गरीब देश, दाटीवाटीची घरं, तरुण पोरं खोकून खोकून जायची. 1948 साली नोएल ब्राउन नावाचे डॉक्टर आरोग्यमंत्री झाले. ते स्वतः क्षयातून उठलेले, आईवडील क्षयाने गेलेले. घोड्यांच्या शर्यतीवर चालणाऱ्या इस्पितळांच्या लॉटरीचा पैसा त्यांनी सॅनेटोरियमं बांधायला ओतला. (आपल्याकडे लॉटरीच्या पैशाचं काय होतं, यावर वेगळं पत्र लिहीन.) याच काळात व्हिन्सेंट बॅरी नावाचे रसायनशास्त्रज्ञ क्षयावर औषध शोधत होते. जन्म कॉर्कचा, 1908 सालचा. आयर्लंडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची त्यांची प्रयोगशाळा ट्रिनिटी कॉलेजात होती.

आणि सुरुवात कुठून, तर दगडफुलापासून! म्हणजे लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं तीच जात नव्हे, पण त्याच गोतातलं, दगडांवर आणि भिंतींवर पांढुरकं वाढणारं. त्यातून काढलेल्या एका पदार्थाचा क्षयाच्या जंतूंवर थोडा परिणाम दिसला. त्याच्या धाग्याने बॅरी आणि मंडळी एकेक संयुग बनवत गेली, आणि त्या वाटेवर तांबड्या रंगाच्या संयुगांचं अख्खं कुटुंब हाती लागलं. प्रत्येकाला 'बी' आणि पुढे नंबर. 663 नंबरचं सगळ्यात जोरकस निघालं. 1957 साली बॅरी, बेल्टन, कॉनॅल्टी आणि सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. उंदरांमध्ये क्षयावर उत्तम परिणाम.

इथे मी मुलीला थांबवलं. म्हटलं, म्हणजे तांबडेपणा हा औषधाचा दोष नाही, तांबडेपणा हेच त्याचं घराणं! रंग काढून टाकलेली चॉकलेटी गोळी मिळणार नाही का, असं मला पेठमधल्या पोरीबाळींनी कितीदा विचारलेलं. उत्तर मला त्या दिवशी तिथल्या जेवणाच्या टेबलावर मिळालं.

मग घोडं पेंड खाऊ लागलं. गिनीपिग आणि माकडांवर तेच औषध निराशा करून गेलं. शिवाय तोवर स्ट्रेप्टोमायसिन होतं, 1952 पासून आयसोनियाझिड होतं, स्वस्त आणि हमखास. क्षयाला बी 663 ची गरजच उरली नाही. दुसरी एखादी प्रयोगशाळा असती तर बाटली फडताळात गेली असती. पण कुष्ठरोगाचा जंतू हा क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. 1873 साली नॉर्वेच्या हॅन्सनने तो पाहिला, तरी आजतागायत काचेच्या बशीत तो कुणालाही वाढवता आलेला नाही. म्हणून त्याच्यावरची औषधं बहुतेक वेळा चुलतभावाकडून उसनी आणावी लागतात. बी 663 नायजेरियातल्या उझुआकोली इथल्या कुष्ठरोग केंद्रात गेलं आणि 1962 साली डॉ. स्टॅन्ली ब्राउन व हॉगर्झील यांनी पहिला अहवाल दिला की रुग्ण सुधारतायत. पुढे ब्राउन यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. रिअ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे अंगावर लाल गाठी उठून ताप चढतो आणि नसा ठणकतात तेव्हा, हेच औषध ती आगही शमवतं. आमच्या भाषेत एका दगडात दोन पक्षी. रिअ‍ॅक्शनने तळमळणारा माणूस ज्याने पाहिला असेल, त्याला या दुसऱ्या पक्ष्याची किंमत कळेल.

1980 साली युनेस्कोचं विज्ञान पारितोषिक या आयरिश गटाला मिळालं. बॅरी ते पाहायला नव्हते, 1975 सालीच गेले. आणि लाल पाकीट ठरलं 1981 साली. आपलं औषध पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर पोचल्याचं त्या माणसाला कधीच कळलं नाही.

मी ट्रिनिटी कॉलेजात जाऊन आलो. दगडी कमान, आत फरसबंद चौक, आणि बाराशे वर्षांपूर्वीची एक सचित्र पोथी पाहायला लागलेली ही लांब रांग. मी कमानीतल्या तरुण रखवालदाराला माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, कुष्ठरोगाच्या औषधाची प्रयोगशाळा कुठे होती? त्याने फार अदबीने पोथीच्या रांगेकडे बोट दाखवलं. मला हसू आलं. त्याचं काय चुकलं? पंचवटीत उभं राहून कुणी मला एखाद्या शास्त्रज्ञाचा पत्ता विचारला, तर मीही रामकुंडाकडेच बोट दाखवीन.

त्याच कॉलेजातून 1952 साली विल्यम कॅम्बेल नावाचा डोनेगलचा मुलगा प्राणिशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला आणि पुढे अमेरिकेत त्याच्या हातून आयव्हरमेक्टिन घडलं, ज्याचं नाव कोरोनात आपल्याकडे घराघरांत झालं. कोरोनाचं सोडा. हत्तीरोग आणि आफ्रिकेतला नदीकाठचा आंधळेपणा यांवर ते खरं उपयोगी, आणि त्यासाठीच 2015 चं नोबेल. गरिबांच्या, ज्यात कुणाला नफा दिसत नाही अशा रोगांवरची दोन औषधं आणि दोघांच्या मुळाशी एकच आवार. योगायोग म्हणा. मला तो आवडतो.

आणखी एक गंमत. मुलीच्या घराकडे जाणारी ट्राम ज्या भागातून जाते, त्याचं नाव लेपर्डस्टाउन. मी म्हटलं, इथेही बिबटे? आपल्या नाशिकला बिबट्या कॉलनीत शिरल्याची बातमी आता तुम्हीसुद्धा आतल्या पानावर टाकता. पण तिथे बिबट्याचा काही संबंध नाही. मूळ आयरिश नाव 'बाले ना लोवर', म्हणजे कुष्ठरोग्यांचं गाव. शहरातल्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळाची ती जमीन. इंग्रजीत बोलता बोलता 'लेपर'चा 'लेपर्ड' झाला, आणि आता तिथे घोड्यांच्या शर्यती होतात. पूर्वी गावकुसाबाहेर बसवलेल्या माणसांचं नावसुद्धा गावाने पुसून घेतलं. रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांना आपण आजही नावाने कुठे ओळखतो? त्यातले बहुतेक जण केव्हाच बरे झालेत, त्यांच्यात जंतू उरलेला नाही, उरल्यात त्या खुणा. सिंहस्थाची तयारी सुरू झाली की त्यांना आधी हलवतात.

आयर्लंड म्हणजे काहीतरी लांबचं, असं आपल्या वाचकांना वाटू नये म्हणून आणखी एक सांगतो. माझी सासरवाडी निफाडची, घरचा द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की मेहुण्याची झोप उडते. डावणी! पानाच्या खाली पांढरी बुरशी दिसली की दोन दिवसांत घड जातो. 1845 साली आयर्लंडच्या बटाट्यावर जी कीड पडली, ती या डावणीच्याच गोतातली, बुरशीसारखी दिसणारी पण खरी बुरशी नव्हे. लोक जवळजवळ फक्त बटाट्यावर जगत होते आणि लावलेली जातही मुख्यतः एकच. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, तेवढीच देश सोडून गेली. 1841 च्या शिरगणतीत 81 लाखांवर असलेली वस्ती 1851 ला 65 लाखांवर आली. तेव्हा कुणाला कारणच ठाऊक नव्हतं. ओल्या हवेने बटाटा सडतो, असं मोठमोठे पंडित सांगत होते. आपण ज्याला बोर्डो म्हणतो ते मोरचूद-चुन्याचं पाणी फ्रान्समध्ये 1885 साली पुढे आलं, म्हणजे चाळीस वर्षं उशिरा. आयरिश शेतकरी मग तेच मोरचूद बटाट्यावर मारायला लागले. त्याला ते 'निळा दगड' म्हणतात. मेहुण्याला हे सांगितलं, तर तो हातातल्या निळ्या पडलेल्या नोझलकडे बघत म्हणाला, ''म्हणजे आपला मामाच की!''

असो. विषय भरकटला. पत्राचं खरं कारण आता सांगतो.

मागच्या महिन्यात मखमलाबाद नाक्यावरच्या सलूनमध्ये माझा नंबर येईपर्यंत बाकावर बसलो होतो. खुर्चीत एक चोवीस-पंचवीसचा मुलगा, अंबडच्या कंपनीत कामाला. न्हावी त्याला म्हणाला, ''किती काळवंडलास रे, उन्हात फिरतोस काय? ही क्रीम लाव, दोनशे रुपये.'' मुलगा काही बोलला नाही. मी आरशात त्याचा चेहरा पाहिला. उन्हाचं काळवंडणं कपाळ आणि मान पकडतं, कॉलरच्या आत गोरं राहतं. हा सगळीकडे सारखा होता. तांबूस-काळा, विटेचा रंग. पायाला चप्पल, नळीवर खवले. तो रंग मी झोपेतसुद्धा ओळखीन.

तो बाहेर पडला तसा मीही उठलो. दाढी राहिली. चहाच्या टपरीपाशी त्याला गाठून म्हटलं, ''बाळा, राग मानू नकोस. कसलं औषध चालू आहे का?'' तो एकदम घाबरला. मी म्हणालो, ''मी आरोग्य खात्यातला जुना माणूस आहे.'' मग त्याने डब्याच्या पिशवीतून पट्टी काढली. क्लोफॅझिमिन, 100 मिलिग्रॅम. कुष्ठरोगाची नव्हे, क्षयाची. नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा, एमडीआर क्षय.

होय, संपादक महोदय. ज्या रोगासाठी बॅरींनी ते औषध बनवलं, ज्यात ते नापास झालं, त्याच रोगावर ते साठ वर्षांनी परत आलंय. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसीन हरले, तेव्हा जुन्या फडताळातलं बी 663 काढावं लागलं. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या पसंतीच्या औषधांत त्याला बसवलं. आणि क्षयाला रोजचा डोस 100 मिलिग्रॅम, म्हणजे कुष्ठरोगात घरी घ्यायच्या रोजच्या गोळीच्या दुप्पट. रंगही त्याच मानाने चढतो.

मुलाला रंगाचं कुणी काही सांगितलं नव्हतं. कुठल्या दवाखान्यातून औषध घेतो ते मी लिहिणार नाही. तिथल्या माणसांवर कामाचा बोजा किती असतो ते मला ठाऊक आहे, आणि मी स्वतः पेठच्या त्या बाईला काय सांगितलं होतं तेही. मुलाला वाटलं आपलं लिव्हर गेलं. मोबाइलवर काहीबाही वाचून त्याने चॉकलेटी गोळी एक दिवसाआड करून टाकली होती. महिनाभर. बाकीच्या चालू. म्हणजे जंतूला आणखी एक औषध शिकवायची शाळाच! मी त्याला रस्त्यातच सगळं सांगितलं. हा औषधाचाच रंग आहे, लिव्हरचा नाही. औषध संपलं की जाईल, पण लगेच नाही, वर्षभर धर. उद्या सकाळी तिथेच जा आणि गोळ्या चुकवल्याचं खरं सांग, ओरडले तर ओरडू दे. खोबरेल लाव. क्रीमचे दोनशे रुपये वाचव.

दगडफुलाचंही सांगितलं. तो म्हणाला, ''काका, आईच्या मसाल्यातलं?'' आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला. दुसऱ्या दिवशी तो गेला. परवा फोन आला होता, गोळी रोज चालू आहे.

आपल्या लेखात 'औषधांचे दुष्परिणाम किरकोळ आहेत' असं एक वाक्य होतं. अगदी माझं 1980 च्या दशकातलं वाक्य! डॉक्टरी हिशेबाने ते बरोबर आहे. हा रंग ना मारतो, ना इजा करतो. पण घरोघरच्या आरशांचा हिशेब वेगळा असतो. म्हणून विनंती अशी की औषधाच्या माहेराची दुरुस्ती छापाल तेव्हा त्याच चौकटीत एवढंच मोठ्या अक्षरात छापा: क्लोफॅझिमिन घेताना कातडी तांबूस-काळी पडते, औषध संपल्यावर मूळ रंग सावकाश परत येतो, कधी वर्ष-दीड वर्षही लागतं, गोळी मनाने बंद करू नका. आपला पेपर नाक्यावरच्या त्या सलूनमध्ये येतो. सकाळी अकरापर्यंत तो किमान वीस जणांच्या हातात पडतो, हे मी मोजलेलं आहे.

जागा कमी पडली तर द्राक्षं आणि बिबट्या कापा, चालेल. माझं नावही नको. खालच्या हुद्द्यावर भागेल. फक्त बी 663 हा आकडा मुद्रितशोधनात 633 होणार नाही एवढं पाहा. मागे एकदा माझ्या पत्रातल्या 'चट्टा'चा तुमच्याकडे 'चट्टामट्टा' झाला होता.

कळावे,
एक निवृत्त अवैद्यकीय सहाय्यक,
मखमलाबाद, नाशिक